पीच रंगाचा झगा

निर्मळ, ३ ऑगस्ट

प्रिय भाऊ फादर इनास, अनेक आशीर्वाद. (धर्मगुरू तू असलास तरी थोरली मीच.)

व्हॉट्सअॅपवर तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून पत्र. तुझ्या भाचीच्या, आपल्या नताशाच्या जानेवारीतल्या लग्नाची थीम पीच ठरली आहे. फुलं पीच, केक पीच, नवरदेवाचे मोजेसुद्धा पीच. वेदीवर तू एकटा पांढरा उभा राहिलास तर फोटोत ठिगळ दिसेल, असं इव्हेंटवाली पिंकी म्हणते. म्हणून तुझ्यासाठी पीच झगा शिवायला टाकलाय. पाठीवर दोघांची नावं, जरीत. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो झग्यासकट वाढवावा.

तुझी,
क्लेमेंटीनबाय

तलासरी, १२ ऑगस्ट

ती. बायस सा. न. वि. वि.

अगं, वेदीवर मिस्सा अर्पण करताना घालायचा झगा म्हणजे बँडवाल्यांचा गणवेश का? लग्नाला पांढरा, हुतात्म्यांच्या सणाला लाल, उपवासकाळात जांभळा. लोकांनी इनासकडे नाही, ख्रिस्ताकडे बघावं म्हणून तो घालायचा. आज पाठीवर नावं घातलीस, उद्या केटररचा नंबर घालशील! गुलाबी झगा वर्षातून दोनच रविवारी असतो. पीच कधीच नाही. हट्टच असेल तर दुसरा फादर बघ.

नताशाला पापा. राग नसावा, लोभ असावा.

फादर इनास

निर्मळ, २० ऑगस्ट

प्रिय इनास, आशीर्वाद.

दुसरा फादर बघ म्हणे! जिभेला काही हाड? तुझ्या त्या दोनातला एक गुलाबी रविवार डिसेंबरात येतो, पिंकीने शोधून काढलं. त्याच दिवशी लग्न ठेवू. नाताळाआधीच्या आगमनकाळात आपल्यात लग्नं लागत नाहीत, ठाऊक आहे मला. पण घरचा फादर असून एवढी परवानगी मिळत नसेल तर उपयोग काय?

खरं सांगू? नताशाचे पप्पा गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तेव्हापासून बापाच्या जागी तूच. पण झगा अंगावर चढला की तू साऱ्या गावाचा होतोस. नाताळात चर्चच्या पायरीवर तुझा हात हातात घ्यायला आम्हीही रांगेत उभ्या राहतो. एक दिवस तरी तू आमच्यातला दिसावास, एवढंच हवं होतं मला.

रागावले आहे, तरी लोभ ठेव.

बाय

तलासरी, २९ ऑगस्ट

ती. बायस सा. न. वि. वि.

हे आधी का नाही सांगितलंस, वेडे? पिंकीला मध्ये कशाला घातलंस?

लग्न जानेवारीतच होईल आणि मी ते पांढऱ्यातच लावीन. त्यात तडजोड नाही. पण मिस्सा संपली की झगा काढून ठेवीन. त्या पीच कापडाचा मला सदरा शिव. पोट सुटलंय, माप सैल घे. मग मंडपाच्या दारात नवरीचा बाप म्हणून मी उभा राहीन, आणि तुम्ही दोघी माझ्या शेजारी. रांग पाहुण्यांनी लावायची.

तुझा,
इनास