पाचवा खोका

प्रिय टाचणी,

सहाव्या मुक्कामाच्या विश्रामगृहात बसून लिहिते आहे. तुझा सहावा खोका माझ्या पायाशी आहे. या खेपेला ऑनलाइन मागवला नाही, स्वतः बांधला आणि दोन बस बदलून आणला. समोरच्या खिडकीतून तुझी पायवाट दिसते. खिंडीतून उतरते, दगडी कुंपणाच्या कडेने येते आणि या दाराशी थांबते. सकाळपासून तिच्यावरून दोन मेंढ्या आल्या आणि एक पोस्टमन. विश्रामगृहाच्या बाई तिसऱ्यांदा चहा ठेवून गेल्या. "पोरी चिवट असतात हो," म्हणाल्या. माझी तर जरा जास्तच आहे, म्हटलं. कपाला मात्र हात लावला नाही.

दोन महिने एकटीनं डोंगर चालायचं तू ठरवलंस तेव्हा आपली वाटणी झाली होती: तू चालायचंस, पुरवठा माझा. इस्पितळाच्या भांडारात मी तीस वर्षं काढली. माझ्या हातून एकही वॉर्ड कापसावाचून अडला नाही, मग पोटची पोर कशी अडेल? प्रत्येक मुक्कामाच्या दुकानाचा पत्ता घालून मी घरबसल्या मागवत गेले. ओट्स, सुके अंजीर, सूपची पाकिटं, गॅसची डबी, मोजे. आणि दर वेळी एका दिवसाचं जास्तीचं. "आई, मी चालायला आलेय, वेढ्यात सापडले नाहीये," असं तू फोनवर हसलीस, आणि ते जास्तीचं वजन नको म्हणून दर मुक्कामाला तिथंच ठेवून निघालीस. मी रागावले, पण घालायचं सोडलं नाही. शेजारीण चिडवायची, मुलीला घरच नाही आणि सगळं घरपोच.

चौथ्या मुक्कामावरून तू घोट्याचा फोटो पाठवलास. वांग्यासारखा टम्म आणि जांभळा. खाली लिहिलंस, "चालतंय." मी फोन करून परत ये म्हटलं. तू म्हणालीस, बाबा गेल्यापासून तुला जिन्यातसुद्धा मरण दिसतं. मी फोन ठेवला. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. पुढं पाचव्या मुक्कामाला खोका आला नाही. तू दोन दिवस वाट पाहिलीस, मला तीन फोन केलेस, मी ते उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी न राहवून तिथल्या दुकानदाराला विचारलं. तो आरामात म्हणाला, "गेली की खिंडीकडे. म्हणाली, पार्सल वाटेत अडकलं असेल, पुढच्या मुक्कामाला असणारच. आई कधी चुकत नाही." त्याच्याकडे होती तेवढी बिस्किटं आणि नूडल्स तू नेलीस, जेमतेम तीन दिवसांची. वाट सहा दिवसांची आहे, तीही धड पायाने. मध्ये ना वस्ती, ना फोनला रेंज. आज आठवा दिवस. शोधपथक सकाळी वर गेलं. त्यांच्या प्रमुखानं विचारलं, तिच्याजवळ जास्तीचं काही असेल का? मी नाही म्हटलं.

टाचणी, खोका वाटेत अडकला नव्हता. तो निघालाच नव्हता, मी रद्द केला. तुझा फोन ठेवला आणि पाच मिनिटांत केला. रद्द करायचं कारण निवडा, असं पडद्यावर आलं. यादीत भीती नव्हती, म्हणून 'आता गरज नाही' यावर बोट ठेवलं. पाचव्या मुक्कामाला बस येते. खोका मिळाला नाही की हात हलवत घरी येशील, एवढंच मनात होतं. तुझे फोन उचलले नाहीत, कारण माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस. माझा भरवसा धरून तू पुढं जाशील, हे मात्र डोक्यातच आलं नाही. तू या दारातून आलीस की मी आधी घोटा बघेन, मग ओरडेन, आणि खरं ते गिळून टाकेन. मी मला ओळखते. म्हणून तू यायच्या आत लिहून ठेवलं. खोक्यात सगळ्यात वर, त्या जास्तीच्या दिवसाच्या पाकिटावर हे पत्र ठेवते आहे. बाईंना बजावून सांगितलंय, खोका तिच्याशिवाय कुणी उघडायचा नाही.

तुझीच,
आई