नातीला सुंदर म्हटल्याचा गुन्हा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त फक्त कागदावर). तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणारच, तेव्हा उत्तराची घाई नाही. इकडे लेक आणि तिची मुलगी सुखरूप आहेत. मी मात्र आल्यापासून पाच दिवस व्हरांड्यात काढले, त्याची हकीकत कळवते.

बेटावर उतरले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले (चौतीस वर्षं प्रसूती विभागाची मेट्रन होते, सवय जात नाही), दारावर टांगलेलं मासेमारीचं जाळं बाजूला सारलं, पाळण्यात पाहिलं आणि म्हणाले, "अगं बाई, काय सुंदर आहे!" झालं. विहीणबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. "अहो, काय बोलून बसलात!" आणि दोन मिनिटांत मी खुर्चीसकट बाहेर.

इथे म्हणे चाळीस दिवस बाळाचं कौतुक करायचं नाही. समुद्र ऐकतो आणि जे चांगलं असेल ते मागतो. म्हणून माझ्या नातीला घरात सगळे 'फाटकं पोतं' म्हणतात. कुणाच्या तोंडून चुकून कौतुक निघालंच, तर त्याने जाळ्याबाहेर राहायचं आणि शेजाऱ्यांसमोर बाळाला नावं ठेवायची. तीही अशी, की शेजाऱ्यांना पटली पाहिजेत. उरकल्यासारखं बोललेलं चालत नाही. आणि जाळं कशासाठी, तर भूत आलंच तर आधी भोकं मोजत बसतं. मी विचारलं, "भुताला शाळेत कुणी घातलं होतं?" विहीणबाई म्हणाल्या, "घातलं नाही म्हणूनच तर वेळ लागतो."

मी साफ नकार दिला. आपल्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी अंधश्रद्धेवर माझ्याकडून शंभर ओळी लिहून घेतल्या होत्या, त्या काय फुकट जाऊ द्यायच्या? जावई बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, माणूस सज्जन आहे, पण आईसमोर त्याचं स्वतःचं इंजिन सुरू होत नाही. तो मला नुसता चहा आणून द्यायचा आणि पाय न वाजवता परत जायचा. मी बसून आतलं रडणं ऐकायचे. हजारो मुलं या हातांतून गेली, ताई! हे भुकेचं रडणं नाही, पोटात वारा धरलाय, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं, आणि विहीणबाई तिला आडवी धरून झुलवत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी ते रडणं तासभर थांबेना. लेक जाळ्याच्या आतल्या बाजूला येऊन उभी राहिली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "आई, जन्मभर माझ्यात खोट काढलीस. हिच्यात एक काढ ना गं."

मी उठले. शेजारची मासेवाली, पोस्टमन, बर्फाच्या कारखान्याचा मुकादम, सगळे जमले. मी सुरुवात केली. नाक कुणीतरी अंगठ्याने दाबून ठेवल्यासारखं. कान दोन वेगवेगळ्या माणसांचे. डोकं म्हणजे पाण्यात विसरलेली साबणाची वडी. चेहऱ्यावर भाव असा, की जणू हिचंच पेन्शन अडलंय. मासेवाली पायरीवर बसली ती पोट धरूनच. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इतकं मनापासून या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं." त्यांनी स्वतः जाळं वर धरलं. मी पोरीला खांद्यावर उभी घेतली, तीनदा थोपटलं, एक ढेकर निघाली आणि ती झोपली. (वजन उत्तम आहे. हे कौतुक नव्हे, नोंद आहे.)

आता बायका आपापली बाळं घेऊन माझ्याकडे येतात, खास नावं ठेवून घ्यायला. काल तिघी होत्या. विहीणबाई रांग लावतात. नावं ठेवता ठेवता मी नाळ, डोळे, वजन बघून घेते. एकाला कावीळ दिसली, त्याला लगेच बोटीने दवाखान्यात धाडलं. दवाखान्यात बोलावलं असतं तर यांतली एकही आली नसती. भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता.क. माझं परतीचं तिकीट रद्द कर. चाळीस दिवस पुरे करून येईन, केवळ वैद्यकीय कारणास्तव. आणि जाड नायलॉनचा दोरा पाठव. जाळं बिजागरीपाशी फाटून तीन भोकांचं एक झालंय, म्हणजे मोजणीत दोन कमी. डास येतात म्हणून म्हणते.

ता.क. २. मागच्या पत्रात तुझ्या नातवाला मी राजबिंडा म्हटलं होतं. ते खोड. हनुवटी त्याच्या आजोबांवर गेली आहे. खिडकीपाशी उभी राहून मोठ्याने वाच.

ता.क. ३. लेकीने हे पत्र न विचारता वाचलं. विचारत होती, "मला बत्तीस वर्षांत एकदाही सुंदर का नाही म्हणालीस?" मी म्हटलं, "बघ, गोवराखेरीज काही झालं का तुला?" ती हसली आणि आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. ती जन्मली तेव्हा मी काय म्हणाले होते ते तू ऐकलंयस, तू खोलीतच होतीस. तिला सांगू नकोस. निदान चाळीस दिवस तरी.