तळ्यावरून येणारा आवाज

जानेवारी १९८६, संध्याकाळ

आज डायरी लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. मन जागेवर नाही.

सुहास इथे उत्तरेला, गोठलेल्या तळ्यावर कंपनीच्या गाड्या चालवून तपासतो. मला नोव्हाय गावातल्या त्याच्या घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून सोबत आणलं. मोटेलच्या खोलीत माझ्यासाठी एक वॉकीटॉकी ठेवून गेलाय.

काय वस्तू आहे! सकाळी त्याच्याकडची बर्फावर आपटली, मी खिडकीतून पाहिलं. त्याने ती पँटला पुसली आणि लगेच बोलला, "बाबा, चहा घेतलात?" अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज. एवढ्या थंडीत! मी सातवी शिकलेला, मला यातलं काय कळणार?

मी बटण दाबून विचारलं, "कानटोपी घातलीस का?"

"अहो बाबा, सगळे ड्रायव्हर ऐकतात! डेव्ह विचारतोय, कानटोपी म्हणजे काय?"

आता बाकीचे परतले. सुहास बंद पडलेल्या गाडीपाशी थांबलाय म्हणे. डेव्ह म्हणतो, थंडीने त्याच्या वॉकीटॉकीची बॅटरी उतरली असेल. पण आपटूनही बोलणारी वस्तू ती, अशी गप्प का? बर्फ वाढतोय.

सुहास, बटण दाब. नुसतं "आलो" म्हण. लवकर म्हण रे.