गच्चीवरची कवळी

४ मार्च

जाऊबाई आज पुन्हा आल्या. सकाळपासून डोक्यावर घरघर.

नावं आमच्या हिने ठेवलेली. आपल्या लष्कराचं टेहळणीचं ड्रोन म्हणजे जाऊबाई. येते तेव्हा गल्लीभर कळतं. पलीकडच्या देशाचं ड्रोन म्हणजे नणंद. तोंडातून शब्द नाही, पण घरातलं सगळं बघून जाते. सीमा आमच्या पाण्याच्या टाकीमागेच, म्हणून दोघींचा मुक्काम आमच्या डोक्यावर. दोन्ही देशांना वाटतं, दुसरा इथूनच काहीतरी करणार. न्हावी म्हणतो, "आपलं ड्रोन तिसऱ्या देशाकडून घेतलंय, कॅमेरा चौथ्याचा. आपलं म्हणायला नुसतं पेट्रोल!"

ही कपडे वाळत घालताना वर बघून विचारायची, "काय वन्सं, जेवलात का?" आणि तोंडभर हसायची. समोरचा दात नसताना! मी म्हणायचो, एवढ्या उंचीवरून दात दिसत नाही. "दिसतो. नणंदेच्या नजरेतून काही सुटत नाही."

तिला जाऊन महिना होत आला.

५ मार्च

फोन कोणी केला, ते अजून कळत नाही.

ती गच्चीवर पडली तेव्हा मी कामावर. शेजारी कुलूप. तरी ॲम्ब्युलन्स आली आणि माणसं कोणाला न विचारता थेट गच्चीवर गेली. म्हणून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. "डबा खाल्लात का?" म्हणाली. तेवढंच. पण तेवढं मिळालं ते त्या फोनमुळे.

शिंप्याला विचारलं. समोरच्या मास्तरीणबाईंना विचारलं. सगळे म्हणतात, असेल कोणीतरी. असेल काय! आभार तरी मानू द्या माणसाला.

८ मार्च

तिची कपड्यांची घोडी गच्चीवर तशीच होती. बघवेना, म्हणून ताडपत्रीने झाकली. घोडीचा एक दांडा बाहेर राहिला.

जाऊबाईने दिवसभर तिच्यावर घिरट्या घातल्या.

संध्याकाळी दांडा दुसरीकडे वळवला. उगाच.

९ मार्च

आज घिरट्या आणखी खाली. दांडा पुन्हा वळवला.

हिला फार आवडलं असतं.

१२ मार्च

कठडा बांधून उरलेल्या विटा होत्या. त्यांना चुना लावून गच्चीभर कवळी मांडली. वरची ओळ, खालची ओळ. मध्ये जिभेच्या जागी तांबडी सतरंजी. इतकी वर्षं दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या करतोय. एवढी मोठी पहिल्यांदाच. दाढांना जोडविटा लावल्या. चावा बरोबर बसला पाहिजे.

मेहुणी डबा घेऊन आली. बघतच राहिली.

"भाऊजी, हे काय?"

"कवळी."

"ते दिसतंय. तुम्ही? तुम्ही तर शेजाऱ्यालाही हाक मारत नाही!" मग हसता हसता डोळे पुसले. "ताईसारखं हसतंय. पण ताईचा समोरचा दात कुठे होता?"

म्हटलं, अर्धवट काम माझ्या हातून जात नाही. हिच्यासाठीही दात केला होता. बसवलाच नाही तिने. म्हणाली, "हवा खेळू दे." अजून तिच्या पिनांच्या डबीत पडून आहे.

वीट काढली नाही.

१३ मार्च

दोघी एकाच वेळी वर. लग्नाला आल्यासारख्या.

१६ मार्च

लष्कराचे साहेब आले. मिशी नुकतीच फुटलेली, आवाज मात्र सुभेदाराचा. हातात वरून काढलेला फोटो.

"ही अर्धगोल मोर्चेबंदी कशासाठी?"

"मोर्चेबंदी नाही. दाढा आहेत."

"कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत. नमुना आहे."

"आणि हा रणगाडाविरोधी...?"

"कपड्यांची घोडी."

त्यांनी ताडपत्री उचलली. घोडीच निघाली. बरोबरचा शिपाई भिंतीकडे तोंड करून खोकला. बराच वेळ खोकला. साहेबांनी पत्ता, नाव, हिचं नाव, सगळं विचारून घेतलं. जाताना हळूच म्हणाले, "आमच्या आईची कवळी सारखी निसटते. काय करावं?"

म्हटलं, घेऊन या. तळाशी नवा थर द्यावा लागेल.

मुलीचा फोन. मेहुणीने चुगली केलेली. "बाबा, तुरुंगात डबा आणायला मी येणार नाही हं!" हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

१९ मार्च

साहेब पुन्हा आले. या वेळी एकटे. हसले नाहीत, बसले नाहीत.

"सीमेपलीकडे तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही."

"नीट आठवा. तुमच्या पत्नी पडल्या त्या दिवशी तुमच्या घरासाठी ॲम्ब्युलन्स मागवली गेली. तो फोन पलीकडून आला होता."

मी जिन्यावर बसलो.

"बाईचा आवाज आहे. भाषा आपलीच, जरा हेल वेगळा. नाव सांगितलं नाही. पत्ता नाही, घर कोणतं ते सांगितलं — टाकीपुढचं, हिरव्या कठड्याचं. आणि म्हणाली..." त्यांनी कागद वाचला. "'गच्चीवर त्या बाई पडल्यात. रोज हसतात त्या. समोरचा एक दात नाही, त्या. लवकर जा, हलत नाहीयेत.' तुमच्या पत्नीला ती कशी ओळखत होती?"

मी आभाळाकडे बोट केलं.

"वरून," म्हटलं.

साहेबांनी वर बघितलं. मग खाली, विटांकडे. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मला वर कळवावं लागेल. तोवर या विटा उचला. उद्याच्या उद्या."

दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आईला रविवारी आणतो."

२० मार्च

साहेबांनी विटा उचलायला सांगितलं होतं. उचलली. वरच्या ओळीतली, समोरची — एकच.

जाऊबाई घरघरत निघून गेल्या. नंतर कसलाही आवाज नव्हता. तरी वर बघून विचारलं, मोठ्याने, शेजारी ऐकतील एवढ्याने —

वन्सं, जेवलात का?