गोळ्यांच्या चार्टातली शेवटची ओळ

प्रिय आई,

चार महिने झाले तुले जाऊन, अन् चार महिने मी तुझ्यावर चिडून आहो. आल्यागेल्याले एकच सांगत होतो, "मी लिहून दिलं होतं. तिनं ऐकलं नाही." आज सकाळी वरच्या मजल्यावरच्या साहू आंटी तुझ्या गोळ्यांचा चार्ट मागायले आल्या. अंकलले शुगर निघाली म्हणे, गोळीही तुझीच दिली. त्यानंतर घरात जे झालं ते तुले सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हणून लिहून राहिलो.

आधी हे सांग, तुले तो चार्ट दिसत होता का वं? खरं सांग. आता तरी माझं मन राखू नको!

मी लहानपणापासून अक्षरांच्या मागे वेडा, हे तुझ्याइतकं कोणाले माहीत? बिस्किटाचे कागद, काडेपेट्यांची चित्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं गादीखाली. तू म्हणायची, "पोट्ट्या, तू बिस्किट खातो की कागद?" पुढं सरकारी नोकरी लागली, पण वेड काही गेलं नाही. इथं रायपुरात चौबे कॉलोनीतून पुरानी बस्तीच्या देवळात तुले स्कूटरवर न्यायचो, तेव्हा रस्ताभर माझी बडबड सुरू. हा बोर्ड पाहा, सात रंग अन् एक अक्षर वाचता येत नाही. ही बस पाहा, मालकाच्या पोराचं नाव एवढं मोठं अन् बस जाते कुठं ते कोपऱ्यात. दवाखान्याचा बाण भलत्याच दाराकडे. मागून तू पाठीवर चापट मारायची. "काहून ओरडून राहिला? त्या बोर्डानं तुझं काय घोडं मारलं?"

औषधाच्या पाकिटांवर तं मी नुसता जळायचो. बीपीची गोळी अन् शुगरची गोळी, दोन्हीवर तीच निळी पट्टी, तेच चांदीच्या चकाकीवर छापलेलं नाव. त्यात मेडिकलवाला कैचीनं नेमकं नावच कापून देतो! मी तिथंच काउंटरवर भांडलो होतो. "हे बनवणाऱ्याच्या घरी म्हातारी माणसं नाहीत का?" तू मले ओढत बाहेर नेलं होतं.

अन् मग मी स्वतः बनवला.

डॉक्टरनं गोळ्या बदलल्या तेव्हा मी दोन रविवार खर्ची घातले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन रकाने. चौफेर मोकळी जागा. बारीक, नाजूक अक्षर, निवडायलेच एक अख्खी दुपार गेली होती. काळा रंग डोळ्यात खुपतो म्हणून राखाडी. चांगल्या जाड कागदावर प्रिंट काढून आणला अन् फ्रिजवर लावला. तू किती खूश झाली! हळदीचे हात त्याच्याजवळ जाऊ द्यायची नाही. भाजीवालीले आत बोलावून दाखवला. "माह्या सत्यानं केला. लग्नाच्या पत्रिकेवानी आहे न?"

लग्नाच्या पत्रिकेवानी! तेव्हाच माझे कान उपटायले पाहिजे होते तू.

आता ऐक. त्या चार्टात खाली एक ओळ होती. 'उपवासाच्या दिवशी सकाळची शुगरची गोळी घेऊ नये.' डॉक्टरनं हे मले सांगितलं तेव्हा तू बाहेर वजनाच्या काट्यावर उभी होती, नर्सशी हुज्जत घालत. डॉक्टर म्हणाला, "माताजी उपवास करती हैं न? उस दिन ये गोली बिल्कुल नहीं." मी म्हटलं, हव सर. घरी येऊन ही ओळ कुठं ठेवायची याचा विचार करत बसलो. वर ठेवली तं रकाने खाली सरकत होते, सगळा तोल जात होता. म्हणून खाली नेली. सगळ्यात बारीक केली. सगळ्यात फिकी केली.

अन् तोंडानं सांगितलं नाही. एकदाही नाही! काहून सांगायचं, लिहिलं आहे न!

नव्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, अन् संकष्टी आली. तू सकाळी उठून चार्टाप्रमाणे गोळी घेतली. दिवसभर दोन कप बिनसाखरेचा चहा, बाकी काही नाही. दुपारी चार वाजता मोदकाच्या सारणाचं खोबरं खवता खवता तू पडली, शुगर पार उतरली होती. बाबा आवाज देत राहिले.

दवाखान्यात त्याच डॉक्टरनं विचारलं, "उपवास में शुगर की गोली किसने दी?" अन् मी, तुझा शहाणा पोरगा, मोठ्यानं म्हणालो, "सर, मैंने तो लिखके दिया था. ये मानती नहीं हैं." तू तिथंच स्ट्रेचरवर होती. तुझा श्वास सुरू होता. तिसऱ्या दिवशी तू गेली. तू ते ऐकलं का आई? मले दुसरं काही नको, एवढंच सांग.

आज साहू आंटीच्या हातात चार्ट दिला अन् म्हटलं, "आंटी, नीचे वाली लाइन जरूर पढ़ना. अंकल नवरात्रि करते हैं न." आंटीनं कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा कपाळावर चढवला. "कौन सी लाइन बेटा? ये? ये तो मैं किनारी समझी."

मी कागद हिसकावून घेतला. खिडकीच्या उजेडात नेला. बाबाले हाक मारली, म्हटलं वाचा हे. बाबांनी चष्मा पुसला अन् म्हणाले, "इथं काही लिहिलं आहे का? तुझी आई तं रोज ओल्या फडक्यानं पुसायची ते. म्हणे, एवढा सुंदर कागद अन् खाली डाग कशाचा लागला, निघून नाही राहिला."

पुसायची! माझी ओळ तू फडक्यानं पुसायची आई!

मले सांगायचं न वं! "सत्या, खाली डाग आहे," एवढंच म्हणायचं होतं. सासूले तोंडावर बोललेली बाई तू, मेडिकलवाल्याले दरडावणारी तू, अन् माझ्याच चार्टाले काहून नावं ठेवली नाही? पोराले वाईट वाटेल म्हणून? कशाले केलं एवढं कौतुक? मले तुझा राग येऊन राहिला अन् माझी तं लाज वाटून राहिली. साऱ्या रायपूरच्या बोर्डांचे दोष काढत फिरलो, अन् घरात तुझ्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांपुढं फिकी राखाडी ओळ लावून बसलो. सुंदर दिसली पाहिजे म्हणून. कोणाले सुंदर दिसली पाहिजे होती? मले!

आंटीले तो चार्ट दिला नाही. जुन्या कॅलेंडरच्या मागे जाड मार्करनं उपवासाचं सगळ्यात वर लिहिलं, पंजाएवढ्या अक्षरात. घाणेरडं दिसते. मग वर जाऊन अंकलले समोर बसवून दोनदा वाचून दाखवलं अन् त्यांच्याकडून म्हणवून घेतलं.

खाली आलो तं बाबा तसेच फ्रिजजवळ उभे. मले म्हणाले, "म्हणजे तिनं ऐकलं नाही, असं नव्हतं?" चार महिने तेही तुझ्यावर रुसून आहेत, आई. तुझ्या फोटोले एकदाही हार घातला नाही त्यांनी. "हट्टी होती," एवढंच बोलतात, अन् तोंड फिरवतात. मी आत येऊन दार लावलं अन् हे लिहायले बसलो.

आता पेन ठेवतो. आधी बाबाले उत्तर देतो. मग मामा, नागपूरची मावशी, गुढियारीची आत्या, ऑफिसातले लोक, तो डॉक्टर, ज्या ज्या माणसासमोर मी तुझ्या नावावर हे टाकलं, त्या एकेकाच्या दारात जाईन. चूक कोणाची होती ते सांगीन. वचन देतो आई, तोंडानं सांगीन. लिहून नाही.

तुझाच,
सत्या