बर्फाला ठसा नाही

४ जाने., रवि.
मुक्ताचा फोन. हे ठरल्याप्रमाणे गच्चीवर. आठ महिने हेच चाललंय. पोरगी जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, तेव्हा "इथं काय म्हातारे नव्हते?" एवढंच म्हणाले. मग तोंडाला कुलूप.

९ जाने., शुक्र.
तिचं पार्सल. लाकडी ठशांनी छापलेलं जपानी चित्र. शहरातला कालवा, काठानं घरं, सगळ्यावर बर्फ, पुलाखालून डावीकडं निघालेली एक नाव. मागं पेन्सिलीनं: "बाबा, किती ठसे लागले असतील?" कार्टी वस्ताद. उभा जन्म चादरींचे ठसे कोरलेल्या माणसाला हे विचारायचं! ह्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

१० जाने.
बघितलं. मी गुलमंडीच्या बाजारातून आले तर खिडकीशी भिंग घेऊन उभे. मला पाहून नखं तपासायला लागले. जेवताना आपणहून म्हणाले, "बर्फ छापलाच नाय. कागद तसाच सोडलाय." घास हातात तसाच.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ दिला. आज तरी लेकीशी गोड बोला, म्हटलं. तर विचारतात, सागाची फळी कुठं ठेवलीस.

२५ जाने., रवि.
आज गच्चीवर गेले नाहीत. सागावर तेच चित्र कोरत बसले. पडणाऱ्या बर्फाचा एकेक कण खोदून काढायचा, डोळ्याला पाणी येतं तरी. मुक्ता बोलता बोलता थांबली. "आई, फोन तिथंच ठेव." बराच वेळ ती नुसती टकटक ऐकत होती. मलाच रडू आलं.

५ फेब्रु., गुरु.
निळीत ठसा उठवला. सगळं उलटं! चादरीची वेलबुट्टी उलटी आली तरी कुणाला कळत नाही, त्यामुळे लाकडावर चित्र उलटं कोरायचं हे चाळीस वर्षांत ह्यांना कधी लागलंच नाही. इतके खट्टू झाले की चहासुद्धा नको. आमची नाव उजवीकडं चाललेली.
संध्याकाळी दोन्ही चित्रं कपाटाला टेकवली. नावांची एकमेकींकडे पाठ. मी जागा बदलल्या. आता समोरासमोर, भेटायला निघाल्यासारख्या. हे कितीतरी वेळ बघत राहिले.
"हेच पाठव तिला," म्हणाले.

६ फेब्रु.
पोस्टात टाकण्याआधी चोरून मागं बघितलं. पेन्सिलीनं: "बर्फाला एकबी नाय. बाकीचे तूच मोज."
नऊ महिन्यांतलं पहिलं अक्षर. पण पोचायला किती दिवस...

८ फेब्रु., रवि.
चार वाजले. साडेचारला तिचा फोन. हे अजून खालीच, ठसा पुसतायत. स्वच्छ आहे तरी पुसतायत.
फोन त्यांच्याजवळ ठेवलाय. मी आता कणीक भिजवायला बसते. माझे हात पिठात असले की कुणाला तरी तो उचलावाच लागेल.