सासरच्या थडग्याला सफेदी

१ नोव्हेंबर, न्यू ऑर्लिन्स

नखांतला चुना काही निघत नाहीये. दोनदा साबण लावून झाला.

आज नवऱ्याच्या, आंद्रेच्या घराण्याचं थडगं रंगवायला गेलो होतो. दर वर्षी या दिवशी, ऑल सेंट्स डेला, आपल्या मृतांसाठी ते सगळे जातात. लग्नापासून मी काही ना काही काम काढून टाळत आले, या वेळी नवऱ्याने ऐकलं नाही. जमिनीवर बांधलेल्या खोलीवजा एकाच थडग्यात सगळे आहेत. जुन्यांची हाडं मागे सारतात आणि नव्याला जागा करतात. सासूबाई ब्रश मारता मारता आमच्या इराला सांगत होत्या, "आपल्या पूर्वजांतला फ्रान्सहून आलेला आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून बांधून आणलेली, दोघंही यातच. आता कुठलं हाड कोणाचं, कोण सांगणार? आपण क्रिओल म्हणजे हेच." मग माझ्याकडे वळून, जेवायला थांब म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, "तुझीही जागा आहे हं इथे."

प्रेमानेच म्हणाल्या, कळतं मला. तरी मी ब्रश घेऊन थडग्याच्या पलीकडच्या बाजूला गेले.

परतताना गाडीत इराने विचारलं, "मॉम, नाशिकच्या आजीची ग्रेव्ह कोण पेंट करतं?" म्हटलं, आपल्यात ग्रेव्ह नसते. आजीच्या अस्थी गोदावरीत सोडल्या. "देन व्हेअर डू यू गो टू सी हर?"

कुठेच जात नाही, हे सांगवलं नाही. रेडिओ लावला.

इराच्याही नखांत चुना आहे. ती हात धुवायला तयार नाही, उद्या शाळेत दाखवणार म्हणते. मी आत्ता पुन्हा धुऊन आले.